आमची वाटचाल : जुनी पिकअप, नवी पिकअप आणि मधलं 2020

आमची काचेच्या कामाची फर्म कधी सुरू झाली असं कुणी विचारलं की मी दुकानाची तारीख सांगत नाही, गाडीची सांगतो. दुकान भाड्याचं होतं, कटिंग टेबल जुन्या बाजारातून आणलेलं, एज पॉलिश बाहेरून करून घ्यायचो. फर्मच्या नावावर आलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे 2011 ची पिकअप. बीएस-3 इंजिन (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचं सरकारी मानक, आकडा मोठा तितकं कडक), मेकॅनिकल पंप, मागे कमानपाटे. यंदा तिला पंधरा वर्षं होतायत. ती देऊन नव्या पिढीची बीएस-6 घ्यायची का, यावर घरात, दुकानात आणि गॅरेजमध्ये इतका काथ्याकूट झालाय की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. पण हीच गाडी आम्ही आधी एकदा देऊन बसलो होतो आणि परत आणली. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्याआधी घोडीबद्दल, म्हणजे गाडीत काच टेकवून न्यायच्या चौकटीबद्दल. काच आडवी नेत नाहीत, उभी नेतात, हे या लाइनमधल्याला सांगायला नको. आमच्या हौद्यातली घोडी काकांनी आखून दिलेली. काका म्हणजे फर्निचरचे ठेकेदार, आमचं पहिलं गिऱ्हाईक आणि आजही पहिलंच. अँगलची चौकट, तळाला सागाची पट्टी, तिच्यावर रबर, दोन्ही अंगांना पाच अंशांचा कल. घोडी यू-बोल्टने आवळलेली. फॅब्रिकेटरने वेल्डिंगची पिन हातात घेतली तेव्हा काका ओरडले होते, "चेसिसला हात लावायचा नाही!" त्यांचं बरोबर होतं. चेसिसला भलत्या जागी टाका मारला की तिथलं पोलाद कमजोर होतं आणि पुढे तडा तिथूनच जातो.

वजनाचा हिशोब सगळ्यांना पाठ असतो तरी सांगतो: चौरस मीटरला, एका मिलिमीटर जाडीमागे, अडीच किलो. 12 एमएमचा सात बाय तीन फुटांचा एक दरवाजा म्हणजे 58 किलोच्या आसपास. टफनच्या, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेल्या काचेच्या, मध्यावर गुद्दा मारला तर ती सहन करते, पण कोपरा फरशीला टेकला की अख्ख्या पल्ल्याचा, म्हणजे सबंध काचेचा, चुरा. भट्टीतून आलेल्या टफनला पुन्हा कटर लावता येत नाही, कड घासता येत नाही. फुटली की नवं माप, नवी भट्टी आणि पैसे आपल्या खिशातून. म्हणून आमच्या धंद्यात गाडी किती पळते हे कुणी विचारत नाही, रिकामी असताना किती उडते ते विचारतात. कमानपाट्यांची गाडी अर्ध्या भाराला छान बसते, रिकामी असली की खडखडते. एकच दरवाजा न्यायचा असेल तर हौद्यात वाळूची पोती टाका. आमच्या नव्या पोरांना हे अजून दर वेळी सांगावं लागतं.

2012 ते 2019 बरं चाललं.

आता 2020. 31 मार्चनंतर बीएस-4 गाडी विकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्येच सांगून ठेवलं होतं. बीएस-5 गाळून थेट 6 वर उडी होती. तारीख जवळ आली तसा डीलरांकडे बीएस-4 चा माल तुंबला आणि सवलतींचे फोन सुरू झाले. बीएस-6 चा पहिला लॉट, कुणाला अनुभव नाही, गॅरेजवाल्यांनाही नाही. तेव्हा शेवटची बीएस-4 घ्यावी हा विचार माझा एकट्याचा नव्हता, निम्म्या लाइनचा होता. डीलर म्हणाला, "साहेब, महिनाअखेरच्या आत पासिंग करून देतो. जुनी आणून लावा, एक्स्चेंजमध्ये धरू." डाउन पेमेंट दिलं, जुनी त्यांच्या यार्डात लावली. घोडी जुनीच्याच हौद्यात होती, नवीन आली की उतरवून घेऊ म्हटलं.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा केली आणि तिचा मला आजही अभिमान आहे. डीलरच्या पोराने गाडीची मालकी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 पुढे सरकवले, "कोऱ्यावर सह्या करून ठेवा, नंतर धावपळ नको." मी नाही म्हणालो. नव्या गाडीला नंबर पडला की सह्या. पोरगं तोंड वाकडं करून गेलं.

22 मार्चला जनता कर्फ्यू, 25 पासून लॉकडाऊन. 27 तारखेला न्यायालयाने मुभा दिली की लॉकडाऊन उठल्यावर दहा दिवसांत उरलेल्या बीएस-4 गाड्यांपैकी 10 टक्के विकता येतील. डीलरचा फोन आला, "तुमचं काम झालं समजा." 8 जुलैला तो आदेश मागे घेतला गेला. 13 ऑगस्टला सांगितलं गेलं की 31 मार्चच्या आत विकलेल्या आणि ई-वाहन पोर्टलवर (गाड्यांच्या नोंदणीची सरकारी वेबसाइट) चढवलेल्या गाड्यांची नोंदणी करता येईल. मी पावती घेऊन शोरूममध्ये उभा. पावतीवर मार्चची तारीख, शिक्का, सगळं होतं. पोर्टलवर आमची गाडी नव्हतीच. कुणी चढवलीच नव्हती. विचारलं तर म्हणे तो माणूस लॉकडाऊनमध्ये गावी गेला, परत आला नाही.

म्हणजे आमची नवी गाडी शोरूमच्या मागे प्लॅस्टिकच्या कव्हरात, जुनी यार्डात कुलपात, घोडी जुनीच्या पाठीवर आणि फर्म रस्त्यावर पायी.

जूनपासून कामं हळूहळू उघडत होती. भाड्याचे टेम्पो घेतले, त्यांचा हौदा सपाट. जुन्या गाद्या, थर्माकोल, नायलॉनचे पट्टे लावून काच नेली. टेम्पोवाला ड्रायव्हर काचेचा नसतो, तो स्पीडब्रेकरला ब्रेक मारतो तो चाक वर चढल्यावर. किती पल्ले गेले ते लिहीत नाही, चिडचिड होते. सॅलरी थांबली, एज पॉलिशवाल्याची उधारी वाढली. कटिंग टेबल विकायला काढण्यापर्यंत वेळ आली होती.

त्यात आमच्याच पट्ट्यातला एक जण. नाव घेत नाही, वाचत असेल तर त्याला कळेल. त्याची बीएस-4 वेळेत पास झाली होती. नशीब त्याचं, तक्रार नाही. पण तो आमच्या गिऱ्हाइकांच्या साइटवर जाऊन सांगत फिरला की यांची गाडी बँकेने ओढून नेली. एका ऑफिसच्या पार्टिशनचं काम, मापं आम्ही घेतलेली, ड्रॉइंग आमचं, त्याने उचललं. पुढे त्याच ऑफिसने पॅच फिटिंग (काच धरणारी धातूची पकड) ढिली झाली म्हणून आम्हाला बोलावलं. गेलो. बिल लावलं, पूर्ण लावलं.

काकांनी त्या वर्षी जे केलं ते मी विसरणार नाही. एका बंगल्याचं इंटिरिअर त्यांच्याकडे होतं, काच लागायला अजून महिने होते. त्यांनी शॉवर पार्टिशन, आरसे, जिन्याची रेलिंग सगळ्याचा ॲडव्हान्स आधीच दिला. माप नाही, कोटेशन नाही. मी म्हटलं, काका, गाडी नाहीये माझ्याकडे. म्हणाले, "काच तुझीच लागणार, गाडी कुणाची का असेना." त्या पैशात पॉलिशवाला शांत झाला आणि टेबल वाचलं.

दिवाळीच्या सुमारास यार्डातून जुनी सोडवली. फॉर्मवर सह्या नव्हत्या, गाडी कागदावर फर्मचीच होती, त्यामुळे त्यांना अडवता आलं नाही. बॅटरी मेलेली, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, स्टेपनी गायब. घोडीला ओरखडासुद्धा नाही. आमच्या मिस्त्रींनी टाकी साफ केली, फिल्टर बदलला, पंपातली हवा काढली आणि तिसऱ्या सेल्फला धूर. डाउन पेमेंट तुकड्यातुकड्यांनी परत आलं. शेवटचा तुकडा अजून यायचाय, आणि मी तो सोडलेला नाही.

कुणी विचारलं नाही तरी सांगतो. एक्स्चेंज म्हणजे दोन वेगळे व्यवहार असतात, डीलर ते एकात गुंडाळतो. जुनीचा भाव वेगळ्या कागदावर घ्या. नवीच्या काचेमागे आरसीचा नंबर दिसेपर्यंत जुनीची किल्ली देऊ नका. आणि पावतीपेक्षा पोर्टल बघा, आता ते मोबाइलवर दिसतं.

तर सध्याचा प्रश्न. जुनी अजून धावते, तिच्यावर सगळ्यांचा जीव आहे. पण व्यवसायाच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेसचं पासिंग, आणि 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फी कितीतरी पटीने वाढलीय. मान्यताप्राप्त केंद्रात स्क्रॅपला दिली तर जे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, त्यावर नव्या व्यावसायिक गाडीच्या वाहन करात 15 टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे, आठ वर्षांपर्यंत. त्यापेक्षा मोठी अडचण हौद्याची. आमचा हौदा आठ फुटी, आणि हल्ली आर्किटेक्टला जमिनीपासून छतापर्यंत एकच पल्ला हवा असतो. फाळका उघडा ठेवून, लाल फडकं बांधून किती दिवस न्यायचं?

नव्या गाडीची धास्ती एकाच गोष्टीची होती, डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. सायलेन्सरच्या लाइनमधली ती जाळी काजळी धरते आणि 600 अंशांच्या आसपास तापली की ती जाळून टाकते. त्यासाठी गाडी सलग चालावी लागते. आमची गाडी काय करते? दुकान ते साइट, पंधरा मिनिटं, बंद. मग जाळी साफ करायला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जादा डिझेल मारतो, आपण मध्येच गाडी बंद करतो, ते डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. दिवा लागूनही दुर्लक्ष केलं की गाडी ताकद कापते आणि चढावर काचेसकट उभी राहते. जुनीला पाना लावून मिस्त्री उठवायचे. इथे आधी स्कॅनर लागतो.

मुलगा म्हणाला, बाबा, सीएनजी घेऊ. विचार केला. टाक्यांचं वजन आपल्या पेलोडमधून जातं, आणि आपला माल वजनाचा. मिस्त्रींनी निराळंच विचारलं, "आठवड्यात हायवेला कधी जाता?" टफनची भट्टी शहराबाहेर आहे. आजवर भट्टीवाल्यांची गाडी माल पोचवायची, वाहतूक बिलात लावून. आता तो माल आम्ही आणायचा, आठवड्यातून दोनदा, जाता-येता तासभर सलग, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये. जाळी तिथे जळेल. गल्लीतल्या एकेका आरशासाठी तीनचाकी भाड्याने.

म्हणून ठरलं: डिझेल, बीएस-6, दहा फुटी हौदा. कंपनी सांगेल तेच लो-ॲश (कमी राखेचं) ऑइल, कुणी स्वस्त डबा दाखवला तरी नाही. एक्स्चेंज नाही. जुनी दारात उभी राहील, नवीला नंबर पडेल, मग जुनी स्क्रॅप केंद्रात जाईल, घोडी उतरवून. तिचे बोल्ट नव्या गाडीच्या क्रॉस मेंबरवर (चेसिसच्या आडव्या पट्टीवर) बसत नाहीत. काका येऊन माप घेऊन गेलेत, तळाची सागाची पट्टी दोन फूट वाढवायची आहे. ते काम चालू असताना आठ फुटांवरचे पल्ले आम्ही पोचवू शकणार नाही. ज्यांची फिटिंग त्या आठवड्यात धरलेली आहे त्यांनी आधी फोन करावा.