कॉफीसाठी वुडब्रिजहून

काल टोरांटोच्या सेंट क्लेअर रस्त्यावर ते इटालियन आजोबा भेटल्यापासून काहीतरी खुपतंय. घडलं तसं काहीच नाही. काउंटरला टेकून त्यांनी दोन घोटांत एस्प्रेसो संपवली, तळाशी राहिलेली साखर चमच्याने खरवडून खाल्ली, आणि मी विचारलं म्हणून सांगितलं, "इथे नाही राहत मी. वुडब्रिजला. 1978 पासून." वुडब्रिज म्हणजे शहराबाहेर, उत्तरेचं उपनगर. म्हणजे एवढी गाडी हाकत यायचं ते फक्त कॉफीला! तिकडे मिळत नाही का? "मिळते की. इथल्यापेक्षा बरी मिळते."

मला हेवा वाटला. त्या माणसाचा नाही, त्याला यायला जागा आहे याचा.

टोरांटोचे इटालियन आधी 'वॉर्ड' नावाच्या गरीब वस्तीत दाटीवाटीने राहिले, मग कॉलेज स्ट्रीटवर, दुसऱ्या महायुद्धानंतर इथे सेंट क्लेअरवर, आणि चार पैसे गाठीला आल्यावर वुडब्रिजला. कॉलेज स्ट्रीटवर आता इटली उरलीय ती बरीचशी पाट्यांवर. ग्रेस स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जॉनी लोम्बार्डींचा पुतळा आहे, 1966 साली अनेक भाषांतला 'चिन' रेडिओ काढणारे. पण 1982 मध्ये इटलीने विश्वचषक जिंकला तेव्हा याच सेंट क्लेअरवर तीनेक लाख माणूस उतरलं होतं. आजोबाही होते. ते सांगताना त्यांनी दुसरी कॉफी मागवली.

आम्ही कुठे उतरणार? मंडळाचा गणपती शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, रात्री दहाच्या आत खुर्च्या रचून, फरशी पुसून किल्ली परत. जेरार्ड स्ट्रीटचा भारतीय बाजार आपला म्हणावा, तर तिथे मराठी कानावर पडल्याचं मला तरी आठवत नाही. म्हातारपणी मी ब्रॅम्प्टनहून गाडी काढून जाऊ कुठे? बाबा डोंबिवली सोडायला तयार नव्हते तेव्हा मी त्यांना काय काय... जाऊ दे.

रात्री झोप येईना. मग टोरांटोतल्याच हॉग्ज हॉलोची दुर्घटना आठवली. 17 मार्च 1960, पाण्याच्या नळासाठी खणलेला बोगदा, आग, आणि आत अडकून मेलेले पाच इटालियन मजूर. त्यानंतर कुठे कामगारांच्या सुरक्षेचे कायदे बदलले. अशी माणसं एकमेकांना धरून राहिली, त्यातून ती गल्ली झाली. मी आलो ऑफर लेटर खिशात घालून. घर घेताना शेजारी मराठी आहे का हे पाहिलंच नाही. गॅरेज दोन गाड्यांचं आहे ना, एवढं मात्र दोनदा विचारलं.

तरी हेवा जात नाही तो नाहीच. सकाळी चहा पिताना परत तोच.

अनघा म्हणाली, "तुला अशी गल्ली मिळाली असती ना, तर सगळ्यात आधी तूच वुडब्रिजला पळाला असतास."

पळालोच असतो. काल पार्किंग शोधता शोधता चार चकरा मारल्या मी त्या रस्त्यावर.