लांब बाजू गिअरबॉक्सकडे : आमची वाटचाल

आमच्या बेळगावच्या वर्कशॉपच्या शटरच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलंय, 'लांब बाजू गिअरबॉक्सकडे.' दर दिवाळीला शेड झाडताना ती ओळ पुसट होते आणि दर दिवाळीला कुणीतरी ती परत गिरवतं. नवीन माणूस पहिल्यांदा तेच विचारतो. मग मला माझी फजिती सांगावी लागते.

आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, गॅरेज खानापूर रोडला होतं. काम एकाच गाडीचं, अँबॅसिडर. टॅक्सीवाले, सरकारी गाड्या, लग्नाची वऱ्हाडं. आप्पांना नुसत्या आवाजावरून दुखणं कळायचं असं लोक अजून सांगतात. कौतुकानं सांगतात, पण ते खरं नाही. आप्पा फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि मायक्रोमीटर घेऊन बसायचे आणि प्रत्येक इंजिनची मापं वहीत उतरवायचे. त्या वह्या आमच्याकडे आहेत. इस्टेट म्हणाल तर तेवढीच.

पुढं रस्त्यावर मारुती वाढल्या, आमचं गिऱ्हाईक पांगलं. मी उद्यमबागेत शेड घेतली, लेथ मशीन टाकलं आणि फौंड्र्यांच्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, जॉबवर्क धरलं. पोट भरत होतं. पण बेळगावात लेथ गल्लीगल्लीत, दरात नुसती मारामारी.

2014 च्या मे महिन्यात अँबॅसिडर बनायचीच थांबली. त्याच वर्षी नोव्हेंबरात गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं, म्हणून बिलबुकं नव्यानं छापायला घेतली. मी आप्पांना विचारलं, "ते 'अँबॅसिडर स्पेशालिस्ट' काढून टाकूया काय?" आप्पा म्हणाले, "राहू दे की रे. जागा खातंय काय ते?"

त्या ओळीनंच निपाणीचा मुलगा आमच्याकडे आणला. घरचा तंबाखूचा व्यापार, स्वतः पुण्यात नोकरीला. आजोबांची 1958 सालची एमजीए वखारीत तंबाखूच्या बोदांच्या, म्हणजे पोत्यांच्या, मागं कित्येक वर्षं उभी होती. दोन सीटची, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची स्पोर्ट्स कार. इंग्लंडात ॲबिंग्डनला बनलेली. आप्पांनी बॉनेट उघडलं आणि हसायलाच लागले. "अरे, ही तर आपलीच!"

खरंच आपली होती. अँबॅसिडरचं जुनं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीए 1500 चं इंजिन, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचीच. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 73 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 89. एमजीएला पेट्रोल-हवा मिसळणारे दोन एसयू कार्बोरेटर, त्यामुळं ताकद जास्त. म्हणून अँबॅसिडरचा पार्ट डोळे झाकून बसतो असं मात्र नाही. आधी माप, मग खरेदी, हे आप्पांचं पहिलं कलम.

मुलाची अट वेगळीच निघाली. "काम मी करणार. तुम्ही फक्त चुकलो तर सांगा."

आप्पा म्हणाले, "मग आम्ही काय, चहा करत बसू?"

दर शनिवार-रविवार पोरगा पुण्याहून यायचा. तक्रारी दोन. क्लच घसरत होता, आणि गाडी उचल घेताना मागून 'टक्' असा आवाज यायचा. या गाडीत क्लचप्लेट बदलायला गिअरबॉक्स खालून उतरत नाही, इंजिनच वर काढावं लागतं. रेडिएटर काढला, चेन पुली लावली आणि इंजिन तिरकं करून बाहेर घेतलं. क्लचप्लेट तेलानं माखलेली. या इंजिनात क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाला रबरी सीलच नाही, नुसते आटे कापलेत. क्रँक फिरला की ते आटे तेल परत आत ढकलतात. बेअरिंग झिजलं किंवा ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तुंबून आत दाब साठला, की हे गणित बिघडतं आणि तेल क्लचवर येतं. ब्रीदरच्या पाइपात स्क्रूड्रायव्हर घातला तर भुगा निघाला. उंदरानं तंबाखूची पानं कोंबून घर केलं होतं! धुतल्यावरसुद्धा शेडमध्ये दोन दिवस वास होता.

क्रँकची मापं आप्पांनी मुलाकडूनच घेवविली. प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, दोन ठिकाणी, आडवं आणि उभं. एक जर्नल अंडाकृती झालेलं. मग क्रँक ग्राइंड करून 20 थाऊ उतरवला, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले वीस भाग, आणि त्याच मापाची बेअरिंगं मागवली. त्यांची वाट बघण्यातच दीड महिना गेला.

आता माझी फजिती. क्लच मी बसवला. क्लचप्लेटच्या मधल्या हबची, म्हणजे तुंब्याची, एक बाजू लांब असते, ती गिअरबॉक्सकडे यावी लागते. पोरानं विचारलं होतं, "दादा, उलटी तर नाही ना?" मी म्हटलं, "पंचवीस वर्षं हेच करतोय." इंजिन चढवलं, पाइप जोडले, स्टार्टही झालं. पण पेडल कितीही दाबा, गिअर पडेना, नुसता खरखराट. परत इंजिन बाहेर, अख्खा रविवार गेला. हब फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चक्राच्या) बोल्टवर घासून बोल्टांची डोकी लखलखीत झाली होती. आप्पा एक शब्द बोलले नाहीत. उठले, खडू घेतला आणि शटर खाली ओढून त्यावर लिहिलं.

मागच्या 'टक्'चं मला वाटलं डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारे गिअर. पोराला वाटलं प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागं जाणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा. क्रॉस हातानं पिळून बघितला, ढिला नव्हता. मग गाडी स्टँडवर घेतली, हँडब्रेक ओढला आणि चाक पुढं-मागं हलवलं. ड्रम जागचा हलत नव्हता, चाक मात्र हलत होतं. तारांचं चाक हबच्या दात्यांवर बसतं, ते दाते झिजून टोकदार झाले होते. डिफरेन्शियल खोललं असतं तर फुकटचा खर्च. हब आणि चाकं दोन्ही बदलली. एकच बदललं तर जुने दाते नव्यांना खातात.

गाडी चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला जाऊन आली. मुलानं मित्रांना सांगितलं आणि लोक विचारायला लागले : गाडी द्यायची नाही, आम्हीच उघडणार, जागा मिळेल काय?

तेव्हापासून दोन बे, म्हणजे गाडी उभी करून काम करायच्या जागा, आम्ही दिवसाच्या भाड्यानं देतो. जागा, चेन पुली, इंची पाने, टॉर्क रेंच (बोल्ट मोजून आवळायचा पाना) आमचे. लेथ आणि ग्राइंडिंग आम्ही करतो, उघडणं-जोडणं मालकानं. इंजिनाखाली जॅकच्या भरवशावर कुणी शिरायचं नाही, स्टँड लागलाच पाहिजे, यात सवलत नाही. नफा जॉबवर्कपेक्षा कमी आहे. बायको तर सरळ म्हणते, हा धंदा नाही, तुमचा शौक आहे. पण पैसे बुडवणारं गिऱ्हाईक या दोन बेंमध्ये अजून आलेलं नाही, फौंड्रीच्या बिलांचं विचारू नका.

येत्या रविवारी गडहिंग्लजचे दोघं त्यांच्या जुन्या स्टँडर्ड हेराल्ड गाडीचा गिअरबॉक्स डिकीत घालून आणतायत. आप्पांनी आत्ताच रॉकेलचा ट्रे पुसून ठेवलाय आणि मला नवीन खडूची पेटी आणायला सांगितलीय.