गरम जॉब, गार माप

प्रॉडक्शन इंजिनिअरिंगला गेलो तो मार्कांमुळे. मेकॅनिकल थोडक्यात हुकलं. दोन्हीत असा काय मोठा फरक असणार, असं म्हणत प्रवेश घेऊन टाकला. फरक कळायला दीड वर्ष गेलं.

पहिल्या वर्षी गणित, ड्रॉइंग वगैरे, सगळ्यांना असतं तेच. वर्कशॉपमध्ये मात्र लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा होता. तीन दिवस घासला. गुण्या लावला की फटीतून उजेड यायचाच.

खरा धडा लेथवर, म्हणजे धातू गोल फिरवत कापणाऱ्या मशीनवर मिळाला. 25 मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट (गोल दांडा) होता, माप त्यापेक्षा शून्य ते उणे 21 मायक्रॉनच्या आत हवं होतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मी शेवटचा कट घेतला, लगेच मापलं: उणे 15. खूश होऊन जॉब (बनवायच्या वस्तूला वर्कशॉपमध्ये जॉब म्हणतात) सरांच्या टेबलावर ठेवला. तासाभराने त्यांनी मापला तर उणे 27. मी म्हटलं, सर, मायक्रोमीटर बिघडलाय. ते म्हणाले, "मापताना हात लावून पाहिला होतास का? भाजत होता ना?" पोलाद एका मीटरला एका अंशामागे साधारण 12 मायक्रॉन वाढतं. माझा जॉब चाळीसेक अंश जास्त गरम होता, म्हणजे 25 मिलिमीटरवर 12 मायक्रॉन. तेवढेच गेले होते. मापांसाठी 20 अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान असतं, हे मी परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते!

त्यानंतर ही शाखा आवडायला लागली. जॉब एकदा बरोबर येणं आणि हजारावा जॉब पहिल्यासारखा येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठीच कंट्रोल चार्ट (मापं भरकटतायत का ते दाखवणारा आलेख), फिक्स्चर (जॉब दरवेळी त्याच जागी पकडणारं साधन), टूल लाइफ (कापणारं हत्यार किती वेळ टिकतं ते) हे सगळं आहे. टेलरचं टूल लाइफचं समीकरण पाठ करायला कंटाळा यायचा. पण कटिंग स्पीड थोडा वाढवला की टूल किती लवकर बोथट होतं, हे मशीनवर पाहिलं की ते विसरता येत नाही.

शेवटच्या वर्षी एका छोट्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यात) डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बदलण्याचा वेळ कमी करायचा प्रोजेक्ट केला. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांच्या पद्धतीत हे काम दहा मिनिटांच्या आत आणायचं असतं. आमचं दीड तासावरून चाळीस मिनिटांवर आलं, त्यापुढे नाही. त्यातली सगळ्यात कामाची सूचना ऑपरेटरची होती: "सगळे बोल्ट एकाच मापाचे करा, पाने शोधण्यातच वेळ जातो." मी आठवडाभर स्टॉपवॉच घेऊन उभा होतो, मला ते दिसलं नव्हतं.

नोकरीचं म्हणाल तर उत्पादन, क्वालिटी, प्लॅनिंग, प्रोसेस, टूल डिझाइन, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) प्रोग्रॅमिंग एवढी दारं आहेत. काही जाहिरातींत फक्त मेकॅनिकल लिहिलेलं असतं. मी तिथेही अर्ज केले, दोन ठिकाणी बोलावणं आलं. एका मुलाखतीत विचारलं, "अचानक रिजेक्शन, म्हणजे नापास होणारे जॉब, वाढले, आधी काय बघशील?" मी म्हटलं, "मापणारा आणि मापायचं साधन." आणि शाफ्टची गोष्ट सांगितली. नोकरी तिथेच लागली, क्वालिटीत.

सुरुवातीचा पगार बेताचा आणि पहिलं वर्ष शिफ्टचं. रात्रपाळीने मला अक्षरशः पिळून काढलं. आता प्रोसेस विभागात आहे, दिवसपाळी मिळते. पण नवीन ट्रेनी मापायला उभा राहिला की मी आधी जॉबला बोट लावून बघतो.