इंजिन नंबर सोडा, फ्रेम (गाडीचा पाइपचा सांगाडा) बघा: एका अनोळखी रेसिंग गाडीची ओळख पटवताना

पाटी नाही, कागद नाहीत, एकाच माणसाला बसता येईल अशी जुनी रेसिंग गाडी सोलापुरात शेडमध्ये आणून ठेवली, की बघायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो: इंजिन नंबर काय? गॅरेजवाला तेच विचारतो, विम्याचा सर्वेअर तेच आणि सरकारी खिडकीही तेच. आमच्या गाडीचं काम जेवढं या प्रश्नापायी रखडलं तेवढं दुसऱ्या कशानेच नाही. अजून तो राग गेलेला नाही, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो.

गाडीत फियाट ११०० चं इंजिन होतं. हेड उतरवून मोजलं: बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, चार सिलिंडर, म्हणजे १०८९ सीसी. ब्लॉकवरचा नंबर स्वच्छ वाचता येत होता, तो घालून आरटीओकडे जुन्या नोंदीचा उतारा मागितला. खिडकीवरून उत्तर आलं, चासी नंबरचा रकाना मोकळा आहे, अर्ज घेता येणार नाही. तिथे ‘आढळत नाही’ लिहून दिलं, तर तसं लिहिलेलं चालत नाही म्हणाले. असं झालं की खिडकीशी वाद घालत बसू नका. अर्ज आवक-जावकमध्ये द्या आणि पोच घ्या. तोंडी नकार पुढे कुठेच दाखवता येत नाही, शिक्क्याची पोच दाखवता येते.

त्यानंतर नुसतं थांबणं. कधीही जा, ‘साहेब रजेवर आहेत’, ‘रेकॉर्ड रूमची किल्ली नाही’, ‘पुढच्या आठवड्यात या’. खरी अडचण मात्र कुणी समजावून सांगत नव्हतं. संगणकाच्या आधीची नोंदणीची पुस्तकं गाडीच्या नंबराच्या क्रमाने लावलेली होती. गाडीचा नंबर दिला की पान निघतं. नुसत्या इंजिन नंबरावरून शोधायचं तर पुस्तकामागून पुस्तक चाळावं लागतं, आणि ते काम कुणी अंगावर घेत नाही. माहितीच्या अधिकारात विचारलं तरी ‘मागितलेल्या स्वरूपात माहिती उपलब्ध नाही’ एवढंच येतं, कारण तो कायदा आहे तो कागद द्यायला सांगतो, तुमच्यासाठी नवीन यादी तयार करायला सांगत नाही. म्हणून २००५ च्या त्या कायद्याखाली माहिती मागू नका, अभिलेखांची पाहणी मागा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून ‘अमुक सालांची नोंदणी-पुस्तकं पाहायची आहेत’ असं नेमकं लिहा आणि स्वतः जाऊन चाळा. आमची नोंद तशीच सापडली.

आणि सापडली ती चार दारांच्या सेडानची! लगेच पत्र आलं की नोंदीतलं वाहन आणि अर्जातलं वाहन जुळत नाही. जुळणार कसं? रेसिंग गाडीत इंजिन ही बदलत राहणारी वस्तू असते. मोडीत निघालेल्या टॅक्सीचं किंवा घरगुती गाडीचं इंजिन घ्यायचं, उघडून बांधायचं, बसवायचं. ते फाटलं की दुसरं. इंजिन नंबर फार तर इंजिन कुठून आलं ते सांगेल. गाडी कुणी, कुठे बांधली याचं उत्तर त्यात नाही. तरीही ते पत्र फाडून टाकू नका. इंजिन रीतसर नोंदलेल्या गाडीचं आहे हे त्यावरून दाखवता येतं.

नोंदणीच्या फॉर्मचंही इथेच सांगून टाकतो. २०२१ साली ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्राचे नियम आले. ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरमालिका, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. त्यात आयात गाडीला बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद) लागतं आणि इथे आधी नोंदलेल्या गाडीला जुनं आरसी. जी गाडी फक्त ट्रॅकवर पळाली आणि कधी नोंदलीच गेली नाही, तिच्याकडे यातलं काहीच नसतं. गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नसेल तर या फॉर्मच्या वाटेला जाऊ नका. हलवायची वेळ आली की टेम्पोत चढवा.

आता फ्रेम. इंजिन पुढे, तेही फियाटचं, सीट एक, एवढ्यावरून जाणकारांनी ही इटलीच्या मोदेनाची स्टँग्वेलिनी असणार असं ठरवून टाकलं होतं. शंका रास्त आहे. स्टँग्वेलिनीच्या फॉर्म्युला ज्युनिअर या छोट्या इंजिनांच्या शर्यतवर्गातल्या गाड्यांत फियाट ११०० चंच इंजिन पुढे असायचं. पण पुढच्या चाकांचे अपराइट, म्हणजे हब धरणारे उभे तुकडे, ट्रायम्फ हेराल्डचे निघाले. तेवढ्यावरून उड्या मारू नका. हेराल्ड मद्रासला स्टँडर्ड नावाने बनायची हे खरं, पण त्याच घराण्याचे अपराइट इंग्लंडमध्ये लोटससह अनेकांनी रेसिंग गाड्यांत वापरले. त्यामुळे इटली मागे पडते, इंग्लंड आणि भारत दोन्ही उरतात. चाकांचा पीसीडी, म्हणजे स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, तोही मोजा. चार स्टडचा हब असेल तर समोरासमोरच्या दोन स्टडचं मध्य ते मध्य अंतर घ्यायचं. पुढे ९५.२५ मिलिमीटर भरला, हेराल्डचा पावणेचार इंच. मागे ९८, फियाटचा. फरक पावणेतीन मिलिमीटरचा, त्यामुळे कुणीतरी मागचं चाक पुढे ठोकून बसवलं होतं आणि त्याची भोकं लांबट झाली होती. अशा चाकावर गाडी ढकलूसुद्धा नका.

निर्णायक पुरावा फ्रेमला वेल्ड केलेल्या नटांत मिळाला. बोल्ट कुणीही बदलतो, वेल्ड केलेला नट बांधणाऱ्याच्या हातचा असतो. इटालियन फ्रेमवर मेट्रिक आटे यायला हवेत, साठच्या दशकातल्या इंग्लिश फ्रेमवर बहुतेक यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे. पाव इंची यूएनएफला इंचात २८ आटे असतात. आमच्या नटात पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) २० ला बसला. पण पाव इंचाला २० आटे व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश पद्धतीचेही असतात आणि यूएनसी या जाड इंची आट्यांचेही, बोल्टही एकमेकांत जातात. फरक आट्याच्या कोनात आहे: व्हिटवर्थ ५५ अंश, यूएनसी ६०. नटात गेज लावून कोन दिसत नाही. नटात मेण दाबून ठसा घ्या आणि उजेडासमोर तो ५५ च्या गेजला लावा. आमच्या ठशात फट दिसली नाही, म्हणजे आटे व्हिटवर्थचे. अर्धा इंची नट असेल तर काम सोपं, तिथे व्हिटवर्थ १२ आणि यूएनसी १३. हे गेज सोलापुरात यंत्रमागाचे पार्ट विकणाऱ्यांकडे विचारा. जुन्या मागांचे नट-बोल्ट इंची असल्यामुळे त्यांच्याकडे व्हिटवर्थचं सामान अजून असतं.

ग्राइंडर लावायच्या आधी इंजिन माउंटिंगच्या ब्रॅकेटभोवतीचा रंग पाणी पेपरने हळूहळू घासा, आधी ४००, मग ८००. दुसरं इंजिन बसवण्यासाठी ब्रॅकेट बदलले असतील तर जुने कापल्याची कड किंवा वेगळं वेल्डिंग दिसतं. इथे फियाटचे ब्रॅकेट बाकी फ्रेमसारखेच गॅसने पितळ भरून जोडलेले होते, खाली दुसरी कोणतीही खूण नाही. म्हणजे फ्रेम पहिल्यापासून याच इंजिनासाठी बांधलेली. मागच्या आडव्या पाइपच्या टोकांना पंचचे ठिपकेही सापडले, डावीकडे एक, उजवीकडे दोन. फिटर पाइप कापून जुळवताना करतो ती ही खूण. फ्रेमचे दोन्ही कर्ण मोजले तर त्यांत ६ मिलिमीटरचा फरक. जिगवर (साच्यावर) एकासारख्या एक बांधलेल्या फ्रेममध्ये एवढा फरक निघत नाही.

या सगळ्यावरून माझं मत पक्कं झालं: ही इथल्याच एखाद्या वर्कशॉपमध्ये, व्हिटवर्थचे टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताशी असलेल्या फिटरने बांधलेली एकच गाडी. मद्रासजवळच्या शोलावरम आणि कलकत्त्याजवळच्या बराकपूरच्या विमानांच्या धावपट्ट्यांवरच्या शर्यतींत असल्या गाड्यांची नावं ‘स्पेशल’ म्हणून लागायची. जुन्या कार्यक्रमपत्रिका मिळाल्या तर त्यात इंजिनाचे सीसी आणि शर्यतीचा क्रमांक बघा. आमच्या शेपटीवर वरचा रंग काढल्यावर पांढऱ्या वर्तुळात जुना अंक निघाला, तो आता पत्रिकांशी ताडून पाहायचा आहे.

पाइपची जाडी सांगायची राहिली. व्हर्नियर फक्त उघड्या टोकाला चालतो. बंद पाइपला अल्ट्रासोनिक मीटर लागतं, आणि साखर कारखान्यांच्या बॉयलर ट्यूब तपासणाऱ्यांकडे ते असतं. गळीत हंगाम संपल्यावर त्यांना गाठा. पाइपच्या जाडीत १६ गेज म्हणजे १.६३ मिलिमीटर, १८ गेज १.२२. गंजून जागोजागी पातळ झालेलं असतं, म्हणून एकाच पाइपवर तीन-चार जागी लावा. आणि एमआयडीसीत सँडब्लास्टिंगला फ्रेम पाठवायच्या आधी प्रत्येक सांध्याचा, ठिपक्याचा आणि रंगाच्या थराचा फोटो बाजूने तिरका उजेड टाकून काढून ठेवा. ब्लास्टिंगनंतर यातलं काही शिल्लक राहत नाही.