अस्वलांच्या शेजारात पहिली बंदूक

आम्ही अलास्कात, अँकरेजजवळच्या ईगल रिव्हरला राहतो. घरामागून चुगाच स्टेट पार्कचे डोंगर सुरू होतात. उन्हाळ्यात ओढ्यांना सॅमन मासे चढले की काळी आणि तपकिरी, दोन्ही जातींची अस्वलं वस्तीच्या कडेने फिरतात. नवरा नॉर्थ स्लोपवर तेलाच्या कामाला. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. तो नसताना घरात मुलं आणि मी. म्हणून बंदूक घ्यायची ठरली तेव्हा ती माझ्या हाताला बसायला हवी, हे आधीच पक्कं होतं.

एच-वन व्हिसावर होतो तोवर हा विषय बंद होता. अशा व्हिसावर अमेरिकेत बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा परवाना काढला तर सूट मिळते, पण आम्हाला शिकार करायचीच नव्हती. ग्रीन कार्ड येईपर्यंत घराला शिस्त लावली. कचऱ्याचा डबा गाडी येणार त्या दिवशी सकाळीच बाहेर काढायचा, पक्ष्यांना दाणे फक्त नोव्हेंबर ते मार्च. फिरायला जाताना बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा, कमरेला, पिशवीत नाही. २००८ साली स्मिथ आणि हेरेरो यांनी अलास्कातल्या घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तपकिरी अस्वलांवर स्प्रे ९२ टक्के वेळा लागू पडल्याचं दिसलं. पायवाटेवर मी आजही आधी स्प्रेलाच हात घालीन. पण अस्वल दार तोडून स्वयंपाकघरात शिरलं, तर बंद घरात त्या तिखटाने आमचेच डोळे उघडणार नाहीत. बंदूक हवी होती ती त्या एका प्रसंगासाठी.

दुकानात सगळे आधी पिस्तुलं दाखवतात. मी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन पॉइंट फोर-फोर मॅग्नम रिव्हॉल्व्हर चालवून पाहिलं. पहिल्या बाराचा झटका मनगटाला असा बसला की पुढचे बार होताना माझे डोळे आपोआप मिटत होते. राज्याच्या फिश अँड गेम खात्याचा सल्लाही असाच आहे: अस्वलासाठी थ्री हंड्रेड मॅग्नम रायफल किंवा स्लगची (छर्र्यांऐवजी एकच मोठा गोळा) बारा बोअर शॉटगन, सराव नसलेल्या हातात मोठं रिव्हॉल्व्हरही अपुरं पडू शकतं. रायफल मला घराच्या आत लांब वाटली. उरली पंप शॉटगन, नळीखालची मूठ मागेपुढे ओढून पुढचं काडतूस भरायची.

तिथेही पुष्कळ बघावं लागलं. मी डावखुरी. रेमिंग्टन ८७० चा सेफ्टीचा खटका चापाच्या मागे आडवा असतो आणि नेहमीचा खटका उजव्या हाताच्या सोयीचा. मॉसबर्ग ५०० चा खटका वर, अंगठ्याखाली येतो, दोन्ही हातांना सारखा. साधा दस्ता मला लांब पडत होता, खांद्याला नीट टेकतच नव्हता. आखूड दस्त्याची घेतली आणि धक्का निम्म्याने कमी झाल्यासारखा वाटला. काडतुसं स्लगची, सुमारे २८ ग्रॅम शिशाचा एकच गोळा. सरावाला मात्र हलकी काडतुसं, नाहीतर खांदा दुखून सरावच सुटतो.

कागदपत्रं त्या मानाने सोपी. बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा फॉर्म, त्यात ग्रीन कार्डचा नंबर, मग एफबीआयची तपासणी. माझं उत्तर आधी 'डिलेड', म्हणजे लांबणीवर, आलं, नंतर मोकळं झालं. चंद्रपूरकडे शेतीरक्षणाच्या बंदुकीसाठी मामांनी मारलेल्या कचेरीच्या खेपा मी पाहिल्या आहेत. इथे राज्याचा परवानाच लागत नाही, म्हणून शिकण्याची सक्ती आपणच आपल्यावर करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. घरी आणण्याआधी मी प्रशिक्षकाकडे शिकले आणि रॅबिट क्रीकच्या रेंजवर अजून जाते.

बंदुकीबरोबर त्याच दिवशी भिंतीला बोल्टने जखडलेली, आकड्यांच्या कुलुपाची तिजोरी घेतली. आत बंदूक असते ती चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) रिकामं ठेवून. आकडे आम्हा दोघांनाच ठाऊक. मुलांना सांगितलंय की तिजोरीला हात लावायचा नाही, आणि मी हाक मारली की वरच्या खोलीत जाऊन दार लावायचं.

अलास्कात जीव वाचवायला अस्वल मारलं, तर कातडं आणि कवटी राज्याला द्यावी लागते, लेखी अहवालही द्यावा लागतो. उघड्या कचऱ्याने अस्वल आलं असेल तर स्वसंरक्षणाची ही सवलत मिळत नाही. कोंबड्या पाळायचा मुलांचा हट्ट आहे. पण त्यांच्यामागे अस्वल येऊ नये म्हणून विजेचं कुंपण लागल्याशिवाय एकही पिल्लू आणायचं नाही, असं आम्ही ठरवलंय.