गुंग हो!

'gung ho' हा इंग्रजी शब्द पहिल्यांदा नजरेस पडला तेव्हा मी तो सरळ मराठीतच वाचला. गुंग हो! म्हणजे, बाबा रे, कामात बुडून जा, मान वर काढू नकोस. अभ्यासाला बसलेल्या नातवाला आजोबांनी दटावून सांगावं तसं. इंग्रजीतला हा नातू मात्र भलताच निघाला. उच्चार 'गंग-हो', आणि स्वभाव गुंग होण्याच्या अगदी उलट. काम काय आहे ते कळायच्या आधीच बाह्या सरसावून उभा!

एवढ्या सळसळत्या शब्दाचा जन्म झाला तो चक्क सहकारी संस्थांच्या नावातून. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलं आणि किनाऱ्याकडचे बरेचसे कारखाने गेले. मग १९३८ मध्ये देशाच्या आतल्या भागात कामगारांच्या छोट्या छोट्या औद्योगिक सहकारी संस्था उभ्या करायची चळवळ सुरू झाली. न्यूझीलंडहून आलेले रेवी अ‍ॅली हे तिच्या पुढाऱ्यांपैकी एक. या संस्थांचं चिनी नाव लांबलचक, म्हणून त्यातली दोनच अक्षरं घेतली. एकाचा अर्थ काम, उद्योग; दुसऱ्याचा एकत्र येणं. आपण 'एसटी' म्हणतो ना, तशातलाच प्रकार. 'एसटी' म्हणताना कुणाच्या अंगात वीरश्री संचारत नाही, तशी चिनी माणसाच्याही त्या दोन अक्षरांनी संचारत नसावी.

ती संचारली एका अमेरिकनाच्या अंगात. इव्हान्स कार्लसन हे मरीन दलातले अधिकारी निरीक्षक म्हणून चीनमध्ये हिंडले होते. १९४२ मध्ये स्वतःची तुकडी हाती येताच त्यांनी ही दोन अक्षरं तिचं ब्रीद करून टाकली. अर्थ लावला, 'मिळून काम करा'. तुकडीच्या बैठकाही याच नावाने भरत आणि तिथे साध्या शिपायालाही मनातलं बोलायची मुभा असे. (लष्करात हे! मला तर याचंच जास्त अप्रूप वाटतं.) १९४३ मध्ये या तुकडीच्या मोहिमेवर ह्याच नावाचा चित्रपट आला आणि शब्द घरोघरी गेला.

वाटेत त्याचं काहीतरी सांडलं मात्र. 'मिळून' गळालं, जोश तेवढा उरला, आणि त्यालाही पुढे थट्टेचा वास लागला. आज कुणाला गंग-हो म्हटलं तर ते कौतुक की चिमटा, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखायचं. आपल्याकडे त्यासाठी गुडघ्याला बाशिंग बांधलेला नवरा आहेच. 'त्या बेताबद्दल मी फारसा गंग-हो नाही' असं कुणी म्हणालं, तर त्याला तो बेत मुळीच पसंत नाही असं खुशाल समजावं.

हल्ली कुणी आपण गंग-हो असल्याचं सांगितलं की विचारावंसं वाटतं, बरोबर आणखी कोण कोण आहे? पण विचारेपर्यंत तो कामाला लागलेलाही असतो. एकटाच.