पाकीट नंबर 1

खानापूर तालुक्यातल्या आमच्या छोट्या मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, मी सात वर्षं खजिनदार आहे. अर्पणाची थैली एकट्यानं उघडायची नाही, मोजायला कायम दोघं, हा नियम मी सख्ख्या भावालाही मोडू दिलेला नाही.

परवा सुगीचा सण झाला. वेदीपुढं भाताची पोती, रताळी, भोपळे, पाय बांधलेला एक कोंबडा. उपासनेनंतर लिलाव. एकच नारळ चार-चार वेळा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा अर्पण करतो. आणि निम्म्या बोल्या उधार! 2,000ला गुळाची ढेप घेऊन टाळ्या मिळवणाऱ्यानं गेल्या वर्षीचेच दिलेले नाहीत. अशी 14,000ची उधारी माझ्या वहीत पडून आहे.

ह्यातूनच पाळकांचा, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांचा, पगार. ठरलेत 12,000; तीन महिने मी 6,000च देऊ शकलो. कमिटीत विषय काढला की एक काका हमखास म्हणतात, "पौल तंबू शिवून पोट भरायचा की!" शिवायचा प्रेषित पौल, ग्रीसमधल्या करिंथात. पण त्याच करिंथकरांना त्यानं लिहिलंय की सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी. आपला हक्क त्यानं आपण होऊन सोडला, कुठल्या कमिटीनं सोडायला लावला नव्हता. 1820 साली लंडन मिशन ही विलायती मिशनरी संस्था बेळगावात आली तेव्हा खर्च विलायतेहून यायचा. ती सवय आमच्या अंगातून अजून गेलेली नाही.

रात्री दोघं मोजायला बसलो. दशांशाच्या, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला द्यायच्या, पाकिटांवर फक्त नंबर असतो. कुठला कुणाचा, ते मला एकट्याला ठाऊक. (हे इथं लिहायला नको होतं खरं.) नंबर 1 पाळकांचं. आत 1,200. मागची पानं उलटली: 1,200, 1,200. हातात 6,000 आणि दशांश 12,000चा.

पाकीट घेऊन तसाच त्यांच्याकडं गेलो. पाळकीणबाई कंदिलाएवढ्या उजेडात तांदूळ निवडत होत्या.

"पाळकसाहेब, ह्यात 600 जास्त आलेत."

"जास्त कुठं? पगार 12,000च ठरलाय न्हवं? राहिलेले तुम्ही देणारच आहात की."

टोमणा होता की विश्वास, मला अजून कळलेलं नाही. चेहऱ्यावरून तर काहीच दिसलं नाही.

सकाळी साडेसातला गूळवाल्याच्या दारात गाडी लावली. त्यानं चहा पाजला. म्हणाला, "पुढच्या सणाला सगळं एकदमच देतो की."